यकृताचा कर्करोग : शस्त्र आणि त्याचे सोबती

मराठी भाषेनें ‘काळीज’ हा शब्द हृदयासाठीं राखून ठेविला आहे. काळीज धडधडतें, काळीज तुटतें, आणि आईचें काळीज तर सर्वांत हळवें. परंतु मूळ संस्कृतांत ज्या ‘कालेय’ शब्दापासून तें निघालें, त्याचा अर्थ यकृत असाच आहे. खाटकाच्या दुकानांत ‘कलेजी’ मागितली असतां आजही यकृतच मिळतें. भाषेनें केलेली ही अदलाबदल सोडून दिली, तरी एक गोष्ट उरते. आपल्या पूर्वजांनीं जिवाचें स्थान म्हणून ज्या अवयवाकडे पाहिलें, तो अवयव हा होता. आज त्याच अवयवाला होणाऱ्या कर्करोगाविषयीं, आणि त्या रोगाशीं झगडतांना शस्त्रक्रियेनें इतर उपचारांची सोबत कशी व कां पत्करली याविषयीं, चार शब्द सांगावयाचे आहेत.

हा इतिहास केवळ वैद्यांच्या कौतुकाचा नाहीं. एकट्या शस्त्राचा अभिमान कसा गळून पडला, आणि अनेकांनीं मिळून काम केल्यावांचून हा रोग कसा आटोक्यांत येत नाहीं, हें त्यांतून दिसतें. ज्या घरांत हा रोग शिरतो, त्या घरापुढें पहिला प्रश्न एकच असतो : ‘ऑपरेशन करून गांठ काढून टाकतां येईल का?’ या प्रश्नाचें उत्तर इतकें अवघड कां, हें समजून घेणें म्हणजेच हा इतिहास समजून घेणें होय.

प्रारंभ जुन्या काळापासून करूं. आयुर्वेदानें यकृत व प्लीहा हीं रक्ताचीं स्थानें मानिलीं. सुश्रुतानें अर्बुदांचें, म्हणजे न पिकणाऱ्या व वाढत जाणाऱ्या गांठींचें, वर्णन केलें. चरकानें उदररोगांच्या प्रकरणांत यकृत वाढल्यानें फुगणाऱ्या पोटाचाही उल्लेख केला. म्हणजे रोगाची ओळख नव्हती असें नाहीं. परंतु पोट उघडून यकृताला हात घालावा, हा विचार शस्त्रकर्मांत निष्णात असलेल्या लोकांच्याही आवाक्याबाहेरचा होता.

आपल्या पुण्याचेंच उदाहरण घ्या. १७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकांत एक पत्र छापून आलें. इंग्रजी फौजेंतील कावसजी नांवाच्या एका गाडीवानाचें नाक टिपूच्या कैदेंत कापलें गेलें होतें. पुण्याजवळच्या एका देशी कारागिरानें कपाळाची कातडी खालीं वळवून त्याला नवें नाक करून दिलें, अशी ती हकीकत होती. ती वाचून युरोपांतील शस्त्रवैद्य चकित झाले, आणि नाक घडविण्याच्या आधुनिक विद्येचा पाया त्यांतून घातला गेला. जो हात कपाळावरची कातडी इतक्या कौशल्यानें वळवूं शकला, तो पोटाच्या आंत मात्र जाऊं शकत नव्हता. कारण उघड आहे. कातडीवरचें रक्त दाबून थांबवितां येतें, आंतलें थांबवितां येत नाहीं. वेदना सहन करविणारें औषध नव्हतें, आणि जखम पिकूं नये याचा उपाय कोणालाही ठाऊक नव्हता.

ईथरची भूल १८४६ सालीं आली. जखम जंतुमुक्त ठेवण्याची लिस्टरची पद्धत १८६७ सालीं प्रसिद्ध झाली. याच १८६७ सालीं पुण्यांत डेव्हिड ससून यांच्या देणगींतून उभें राहिलेलें ससून रुग्णालय सुरू झालें, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पोटांतील शस्त्रक्रियेचें युग जगांत जेव्हां उजाडत होतें, तेव्हांच या शहराला त्याचें मोठें रुग्णालय मिळालें.

परंतु यकृताचें दार सर्वांत शेवटीं उघडलें. मोठ्या माणसाचें यकृत सुमारें दीड किलो वजनाचें असतें, आणि दर मिनिटाला सुमारें दीड लिटर रक्त त्यांतून वाहतें. हें रक्त दोन वाटांनीं येतें. आंतड्यांतून अन्नरस घेऊन येणारी प्रतिहारिणी शीर सुमारें तीन चतुर्थांश रक्त आणते, आणि उरलेलें यकृताची रोहिणी आणते. यकृत मऊ असतें. त्यांत टांका घातला तर धागा लोण्यांत सुरी शिरावी तसा आंत शिरतो. म्हणून १८८८ सालीं बर्लिनच्या कार्ल लांगेनबूख यांनीं एका स्त्रीच्या यकृताचा भाग यशस्वी रीतीनें कापून काढला, तेव्हां ती घटना ऐतिहासिक ठरली. त्यांनाही रक्तस्राव थांबविण्यासाठीं त्याच रुग्णाचें पोट पुन्हां उघडावें लागलें होतें.

पुढें १९०८ सालीं ग्लासगोचे होगार्थ प्रिंगल यांनीं एक साधी युक्ति सांगितली. यकृताला रक्त पोंचविणाऱ्या नळ्या ज्या पदरांतून जातात, तो पदर अंगठा व बोट यांच्या चिमटींत धरावयाचा आणि तेवढ्या वेळांत काम उरकावयाचें. ही चिमूट आजही शस्त्रवैद्यांच्या हातांत आहे. १९३१ सालीं हिगिन्स व अँडरसन यांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला तरी उरलेला भाग वाढून मूळच्या वजनाला येतो. शरीरांतील दुसऱ्या कोणत्याही मोठ्या अवयवाच्या अंगीं हा गुण नाहीं. त्याच दशकांत हानोय येथें तोन थाट तुंग या व्हिएतनामी शस्त्रवैद्यानें मृतांचीं शेंकडों यकृतें चिरून आंतल्या नळ्यांचा नकाशा तयार केला. १९५२ सालीं पॅरिसच्या लोर्ता-झाकोब यांनीं आधीं रक्तवाहिन्या बांधून मग यकृताचा उजवा भाग काढला. १९५७ सालीं कुइनो यांनीं यकृताचे आठ स्वतंत्र खंड दाखवून दिले. घर पाडावयाचें असेल तर त्याच्या तुळया व खांब कोठें आहेत हें आधीं कळावें लागतें. यकृताच्या बाबतींत तें ज्ञान येण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

आतां वाटावें कीं काम फत्ते झालें. नकाशा मिळाला, रक्त थांबवितां आलें, आणि कापलेला अवयव पुन्हां वाढतो. मग गांठ काढावी आणि रोगी बरा करावा. परंतु येथेंच शस्त्राची मर्यादा उघडी पडली.

यकृतांतच उगम पावणारा कर्करोग बहुधा निरोगी यकृतांत होत नाहीं. कावीळ ब किंवा कावीळ क यांच्या विषाणूंनीं, मद्यानें, किंवा मधुमेह व स्थूलपणा यांबरोबर येणाऱ्या चरबीनें वर्षानुवर्षें सुजून, खरडून आणि आंतून व्रणांनीं गांठाळ झालेल्या यकृतांत तो होतो. या अवस्थेला सिऱ्होसिस म्हणतात. म्हणजे रोगी एकाच वेळीं दोन रोगांशीं झगडत असतो. एक गांठ, आणि दुसरें ती गांठ ज्या मातींत उगवली ती नासलेली माती. निरोगी यकृताचा पाऊण भाग काढला तरी चालतें. सिऱ्होसिस झालेल्या यकृताचा मात्र निदान चाळीस टक्के भाग मागें ठेवावा लागतो, नाहीं तर रोगी गांठीनें नव्हे, तर यकृत बंद पडून दगावतो. आणि सर्व नीट पार पडलें तरी ती माती तशीच राहते. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं सुमारें सत्तर टक्के रुग्णांत पांच वर्षांच्या आंत गांठ पुन्हां उद्भवते. शस्त्रवैद्याचा हात कितीही निष्णात असो, मातीला तो कांहींच करूं शकत नाहीं. सोबती हवे होते, ते यासाठीं.

अनेक उपचार एका छपराखालीं आणून एकाच रुग्णाचा विचार सर्वांनीं मिळून करावा, ही कल्पना आपल्या महाराष्ट्रांत फार लवकर रुजली. १९३१ सालीं लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढें टाटा विश्वस्तनिधींतून मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उभें राहिलें, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. तेथें शस्त्रक्रिया, क्ष-किरण, रेडियम आणि रोगनिदानाची प्रयोगशाळा हीं एकत्र नांदूं लागलीं. प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंतराव खानोलकर यांच्याकडे होती. रोगाचें मूळ लोकांच्या राहणींत शोधावें ही त्यांची दृष्टि होती. धोतराच्या घट्ट गांठीच्या जागीं होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाविषयीं त्यांनीं १९४५ सालीं प्रसिद्ध केलेला निबंध याच दृष्टीचें फळ होय.

त्यांच्या हाताखालीं जी संशोधक मंडळी घडली, त्यांत पुण्याच्या एक विदुषी होत्या. कमल समर्थ, पुढें कमल रणदिवे. १९१७ सालीं पुण्यांत जन्म, हुजूरपागेंत शिक्षण, फर्ग्युसन महाविद्यालयांत पदवी. त्यांचे वडील त्याच महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत. १९४९ सालीं त्यांनीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. भारतीय कर्करोग संशोधन केंद्र १९५२ सालीं निघालें, तेव्हां तेथें शरीराबाहेर पेशी वाढविण्याची देशांतील पहिली प्रयोगशाळा उभी करण्यांत त्यांचा मोठा वांटा होता. सरकारनें त्यांना १९८२ सालीं पद्मभूषण दिलें. शस्त्रवैद्याच्या शेजारीं प्रयोगशाळेंतील माणूस तितक्याच मानानें बसला पाहिजे, ही गोष्ट या संस्थांनीं देशाला शिकविली.

तरीही यकृताचा कर्करोग कित्येक वर्षें या संयुक्त उपचारांच्या बाहेरच राहिला. स्तन किंवा गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांत शस्त्राला किरणांची जोड मिळाली. पण यकृताला किरण फारसे सोसत नाहींत. गांठ जळेपर्यंत किरण द्यावे तर अवतीभवतीचें यकृतही होरपळतें. तेव्हां गांठीपर्यंत पोंचण्याची दुसरी वाट शोधणें भाग होतें.

ती वाट रक्तवाहिनींतच सांपडली. १९५४ सालीं ब्रीडिस व यंग या संशोधकांनीं दाखविलें कीं, निरोगी यकृत मुख्यतः प्रतिहारिणीच्या रक्तावर जगतें, पण गांठ जवळजवळ सर्वस्वीं रोहिणीच्या रक्तावर पोसली जाते. घर एका विहिरीचें पाणी पितें आणि चोर दुसऱ्या विहिरीचें. मग चोराची विहीर बुजवावी! मांडीच्या रोहिणींतून केसासारखी बारीक नळी यकृतापर्यंत न्यावयाची, गांठीला रक्त देणाऱ्या फांदींत औषध सोडावयाचें आणि ती फांदी बंद करावयाची. फ्रान्समध्यें द्वायाँ यांनीं १९७४ सालीं आणि पुढें जपानांत यामादा यांनीं हा मार्ग घालून दिला. औषध वाहून नेण्यास खसखशीच्या तेलापासून केलेलें आयोडिनयुक्त लिपिऑडॉल वापरतात. तें गांठींत शिरलें कीं तेथेंच रेंगाळतें. ही पद्धत खरोखर आयुष्य वाढविते कीं नाहीं याविषयीं वीस वर्षें वाद चालला. २००२ सालीं बार्सिलोना व हाँगकाँग येथील दोन चांचण्यांनीं तो मिटविला. बार्सिलोनाच्या चांचणींत दोन वर्षांनंतर हा उपचार घेतलेल्यांपैकीं ६३ टक्के रुग्ण हयात होते, आणि न घेतलेल्यांपैकीं २७ टक्के.

याच वाटेनें पुढें किरणही आंत शिरले. बाहेरून झोत टाकण्याऐवजीं यट्रियम-९० या किरणोत्सारी द्रव्याचे सूक्ष्म मणी रोहिणींतून गांठींत सोडावयाचे. त्यांचे किरण कांहीं मिलिमीटरच जातात, म्हणून शेजारचें यकृत बचावतें. हे मणी परदेशांतून आणविणें फार खर्चाचें होतें. मुंबईच्या भाभा अणु-संशोधन केंद्रानें कांचेचे असे मणी देशांतच बनविले, आणि त्यांना ‘भाभास्फिअर’ हें नांव मिळालें. टाटा रुग्णालय १९६२ सालीं अणुशक्ति खात्याकडे गेलें, त्या संबंधाचें फळ असें कित्येक दशकांनीं यकृताच्या रुग्णाच्या पदरांत पडलें.

शस्त्रक्रियेची पूर्वतयारी म्हणूनही रक्तवाहिनीचा उपयोग झाला. १९८० नंतरच्या दशकांत जपानच्या किनोशिता व माकूउची यांनीं एक सुंदर युक्ति काढली. उजवा भाग काढावयाचा आहे, पण डावा भाग लहान आहे. अशा वेळीं आधीं उजव्या बाजूची प्रतिहारिणीची शाखा बुजवावयाची. धरणाच्या एका कालव्याची मोरी बंद केली कीं पाणी दुसऱ्या कालव्याला वळतें, तसें सर्व रक्त डाव्या बाजूला वळतें आणि तो भाग तीन ते सहा आठवड्यांत वाढीला लागतो. मग शस्त्रक्रिया करावयाची. उंदरावरचा १९३१ सालचा प्रयोग असा पन्नास वर्षांनीं माणसाच्या कामीं आला. यांत आणखी एक शहाणपण आहे. जें यकृत या काळांत वाढतच नाहीं, त्यावर शस्त्र चालवूं नये, हें रुग्णाला टेबलावर घेण्यापूर्वींच कळून येतें.

लहान गांठींसाठीं तर पोट उघडण्याचीही गरज उरली नाहीं. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई गांठींत घालून मद्यार्क टोंचण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकांत जपानांत सुरू झाली. पुढच्या दशकांत विद्युल्लहरींच्या उष्णतेनें गांठ शिजवून टाकण्याची पद्धत इटलींत पुढें आली. ज्या रुग्णाचें यकृत शस्त्रक्रिया सोसूं शकत नाहीं, त्याला यांनीं आधार दिला. एकाच रुग्णाची मोठी गांठ कापून दुसरी लहान गांठ त्याच वेळीं सुईनें जाळण्याचीही सोय झाली.

पण माती बदलावयाची कशी? त्याचें उत्तर एकच : संपूर्ण यकृतच बदलावयाचें. डेन्व्हरचे थॉमस स्टार्झल यांनीं १९६३ सालीं पहिला प्रयत्न केला, पण तो रुग्ण वांचला नाहीं. १९६७ सालीं दीर्घकाळ टिकलेलें पहिलें यश आलें. कर्करोगाच्या रुग्णांत मात्र नवें यकृत बसवूनही रोग उलटत असे, आणि पुष्कळांनीं हा मार्ग सोडून दिला. १९९६ सालीं मिलानच्या माझ्झाफेरो यांनीं ४८ रुग्णांचा अनुभव मांडून एक मर्यादा घालून दिली. एकच गांठ असेल तर ती पांच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गांठी असतील तर प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत असावी. या मर्यादेंतील रुग्णांपैकीं चार वर्षांनंतर सुमारें ७५ टक्के हयात होते. अवयव देणारा मिळेपर्यंत महिने जातात, तोंवर गांठ वाढूं नये म्हणून रोहिणी बुजविणें किंवा सुईनें जाळणें हे उपाय करतात. कधीं याच उपायांनीं मोठी गांठ लहान होऊन मर्यादेच्या आंत येते. म्हणजे जे उपचार पूर्वीं शस्त्राला पर्याय होते, ते आतां शस्त्राकडे नेणारा पूल झाले.

आपल्याकडे अवयव-प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ सालीं झाला आणि मेंदू मृत झालेल्या माणसाचे अवयव घेण्यास मान्यता मिळाली. पुण्यांतही अशा दानाची नोंद व वांटप करणारी विभागीय समिति काम करते. परंतु देणारे थोडे आणि मागणारे फार. म्हणून आपल्या देशांत बहुतेक यकृतें जिवंत नातलगांकडून येतात, आणि पुष्कळ वेळां देणारी व्यक्ति घरांतील स्त्री असते. अवयव पुन्हां वाढतो हें खरें असलें, तरी देणाऱ्याच्याही जिवाला थोडा धोका असतोच. तो स्पष्टपणें सांगितला गेला पाहिजे, आणि ‘नाहीं’ म्हणण्याचें स्वातंत्र्य देणाऱ्याला खरोखर असलें पाहिजे. घरच्या माणसाचे प्राण जात असतां हें स्वातंत्र्य किती पातळ होतें, हें सांगावयास नको.

औषधांचा इतिहासही मुंबईशीं जोडलेला आहे. यकृताच्या कर्करोगांत आयुष्य वाढविणारें पोटांत घ्यावयाचें पहिलें औषध सोराफेनिब. ६०२ रुग्णांवरील चांचणींत त्यानें सरासरी आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेलें. ही चांचणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. भारतांत या औषधाचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता! ९ मार्च २०१२ रोजीं मुंबईच्या पेटंट कार्यालयांतून देशांतील पहिला सक्तीचा परवाना दिला गेला. मूळ कंपनी बायर हिच्या पेटंटखालील हें औषध नॅट्को या हैदराबादच्या कंपनीनें महिन्याला ८,८८० रुपयांच्या वर जाऊं न देतां विकावें, अशी अट होती. मुंबई उच्च न्यायालयानें २०१४ सालीं हा निर्णय उचलून धरला. तीन महिन्यांच्या वाढीव आयुष्याची किंमत किती, आणि ती कोणी भरावी, हा प्रश्न त्या खटल्यानें उघड्यावर मांडला. २०२० सालीं शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागें करणारें औषध जींत आहे अशी औषधांची जोडी आली आणि तिनें सोराफेनिबला मागें टाकलें. परंतु खर्चाचा प्रश्न तिच्याबरोबरही चालत आला.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या कीं तिसरी अधिक चांगली होतेच असें नाहीं. शस्त्रक्रियेनंतर सोराफेनिब दिल्यास गांठ उलटणार नाहीं, अशी मोठी आशा होती. १,११४ रुग्णांवर प्रयोग झाला, आणि २०१५ सालीं निष्कर्ष निघाला कीं कांहीं फायदा नाहीं. नव्या जोडीचा शस्त्रक्रियेनंतरचा प्रयोग २०२३ सालीं आशादायक वाटला, पण पुढें अधिक काळ पाहतां तो फायदा ओसरला. उलट लहान मुलांना होणारा यकृताचा एक निराळा कर्करोग आहे, त्याचें नांव हेपॅटोब्लास्टोमा. त्यांत आधीं औषध देऊन गांठ आक्रसवावयाची आणि मग कापावयाची, या जोडीनें चमत्कार केला. पूर्वीं दहांतील सुमारें तीन मुलें वांचत, आतां सात-आठ वांचतात. म्हणजे जोड कोणती, कोणाला व केव्हां, हें अनुमानानें नव्हे, तर मोजून ठरवावें लागतें.

आतां पुण्याकडे वळूं. मातीचा विचार या शहरानें फार चांगला केला आहे. एके काळीं आपल्या देशांत एक ते तीन वर्षांच्या मुलांना यकृताचा एक भयंकर रोग होत असे. पोट फुगे, यकृत दगडासारखें लागे, आणि बहुतेक मुलें कांहीं महिन्यांत दगावत. हा कर्करोग नव्हे, मुलांचा सिऱ्होसिस होता. एकाच घरांत एकामागून एक मुलें जात, म्हणून लोक त्याला घराण्याचा शाप समजत. १९८० नंतरच्या दशकांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनीं इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या घरांतून चौकशी केली. रोगी मुलांच्या यकृतांत तांबें बेसुमार सांपडत होतें. तें आलें कोठून? कल्हई नसलेल्या पितळेच्या व तांब्याच्या भांड्यांत तापविलेल्या आणि ठेवलेल्या दुधांतून! ज्या बाळांना फार लहानपणीं असें दूध मिळालें, त्यांच्यांत रोग अधिक होता. पेनिसिलामाइन या औषधानें शरीरांतील तांबें काढून टाकतां येतें, आणि रोग पुढें जाण्यापूर्वीं तें दिल्यास कांहीं मुलें वांचलीं. परंतु खरा विजय औषधाचा नव्हता. भांडें बदललें, स्टेनलेस स्टील घरोघर आलें, आणि तो रोग जवळजवळ नाहींसा झाला. यकृताचा वैरी चुलीवरच्या भांड्यांत असूं शकतो, हा धडा पुण्यांत मिळाला.

कर्करोगाच्या बाबतींत तोच धडा विषाणूंनीं दिला. बरूच ब्लुम्बर्ग यांनीं १९६५ सालीं कळविलेला ‘ऑस्ट्रेलिया’ प्रतिजन हा कावीळ ब या विषाणूचाच अंश निघाला, आणि त्याबद्दल त्यांना १९७६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९८१ सालीं बीझली यांनीं तैवानांतील २२,७०७ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या रक्तांत हा विषाणू ठाण मांडून होता, त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षां दोनशेंहून अधिक पट होता. तैवाननें १९८४ सालीं नवजात बालकांना लस देण्यास आरंभ केला, आणि दहा-बारा वर्षांतच तेथील मुलांतील या कर्करोगाचें प्रमाण सुमारें निम्म्यावर आलें. कर्करोग लसीनें टळूं शकतो, हें जगाला प्रथम येथें दिसलें. आपल्या देशानें ही लस प्रथम कांहीं ठिकाणीं आणि २०११ सालापासून सर्वत्र बालकांच्या नित्याच्या लसींत घेतली. पुण्यांतील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, जिचा आरंभ १९५२ सालीं झाला, तिनें काविळीच्या विषाणूंचा दीर्घ अभ्यास केला आहे. आणि १९६६ सालीं पुण्यांतच स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट ही लस बनविणाऱ्यांपैकीं एक आहे.

दुसरा एक वैरी धान्याच्या कोठींत असतो. ओलसर राहिलेल्या मक्यावर व भुईमुगावर येणाऱ्या बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार होतें. १९७४ सालीं गुजरात व राजस्थान यांच्या सीमेवरील गांवांत असा मका खाऊन काविळीची मोठी साथ आली आणि शंभरावर माणसें दगावलीं. थोडथोडें विष वर्षानुवर्षें पोटांत गेलें आणि त्याच्या जोडीला कावीळ ब असली, तर कर्करोगाचा धोका कित्येक पटींनीं वाढतो. उपचारांची जशी जोडी जमते, तशी रोगाच्या कारणांचीही जमते.

श्रोतेहो, या सर्व इतिहासाचें सार व्यवहाराच्या भाषेंत सांगावयाचें तर असें. यकृताच्या गांठीचें निदान झालें, तर पहिल्याच दिवशीं ‘कापावें कीं नाहीं’ एवढाच प्रश्न विचारूं नये. शस्त्रवैद्य, यकृताचे वैद्य, रक्तवाहिनींतून उपचार करणारे तज्ज्ञ आणि कर्करोगाच्या औषधांचे तज्ज्ञ यांनीं एकत्र बसून हे कागद पाहिले आहेत काय, असें विचारावें. गांठीबरोबर उरलेल्या यकृताची अवस्था काय आहे, तेंही विचारावें. ज्यांना सिऱ्होसिस आहे, त्यांनीं दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करून घ्यावी, कारण वर सांगितलेले बहुतेक उपाय गांठ लहान असतांनाच पुरते लागू पडतात. कावीळ ब व क यांची रक्ताची परीक्षा एकदां तरी करावी. ‘क’ औषधांनीं बरी होते आणि ‘ब’ काबूंत ठेवतां येते. आणि घरांत मूल जन्मास आलें, तर चोवीस तासांच्या आंत त्याला कावीळ ब ची पहिली लस मिळाली कीं नाहीं, हें पाळण्याचा दिवस ठरविण्यापूर्वीं पाहून घ्यावें.